नकाशाघराचे छत

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता नकाशाघराच्या मोठ्या दालनाचे कुलूप निघाले तेव्हा कौले जागच्या जागी होती, कौलांखालचा माळाही जागच्या जागी होता. मधले लाकडी छत तेवढे नाहीसे झाले होते आणि जमिनीवर फुटक्या लाकडांचा ढीग पडला होता.

‘छत कोसळले’ असे मला फोनवर सांगण्यात आले. सांगणाऱ्याने ते योग्य तितक्या दुःखाने सांगितले. चाळीस वर्षे मी जुनी दप्तरे वाचत आले आहे. एखादी गोष्ट आपोआप कोसळली, जळली, वाहून गेली असे ज्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते, तो कागद मी दोनदा वाचते.

ही इमारत शंभराहून अधिक वर्षे जमीनमोजणीची कचेरी होती. मोठ्या दालनात आरेखक बसून नकाशे काढत. त्यांच्या डोक्यावर बारा ओळी, प्रत्येक ओळीत बारा, अशा एकशे चव्वेचाळीस चौकोनी फळ्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून साऱ्या प्रांताचा एकच नकाशा रंगवलेला होता. नदी कोठे वळते याची शंका आली की आरेखक मान वर करी. माझे वडील तेथे एकतीस वर्षे आरेखक होते. सुट्टीच्या दिवशी ते मला आणि माझ्या धाकट्या भावाला थंडगार फरशीवर उताणे निजवत आणि फळ्या मोजायला लावत. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, तिसरी पुन्हा डावीकडून. शेतात नांगर वळतो तसे. कचेरीत सगळे प्रत्येक ओळ डावीकडूनच मोजत. बाबांचे म्हणणे असे, की ओळ संपली म्हणून नजरेने उलटी उडी का मारायची? वरिष्ठांनी दोनदा समज दिल्यावर ते कचेरीत कचेरीसारखे मोजू लागले. घरी मात्र त्यांचीच पद्धत चालली.

आता येथे आलिशान हॉटेल होणार होते. वारसा समितीने परवानगी देताना एकच अट घातली होती: छताला हात लावायचा नाही. जीर्णोद्धाराच्या आर्किटेक्टने छत सुरक्षित राहील असा अहवाल दिला आणि त्यावर विसंबून मी समितीला अनुकूल अभिप्राय दिला. मी स्वतः माळ्यावर चढून पाहिले नाही. आर्किटेक्ट माझा धाकटा भाऊ होता.

अपराधीही तयार होता. सुतारमिस्त्रीने शुक्रवारी छताखालचे टेकू काढले, म्हणून छत पडले. हॉटेलच्या कंपनीने तशी लेखी तक्रार दिली होती. गुरुवारी समिती बसणार होती. तिने ‘हलगर्जी’ हा शब्द लिहिला की मिस्त्रीवर फौजदारी गुन्हा दाखल होणार होता. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला पुन्हा कोणी जुन्या लाकडाला हात लावू दिला नसता. आणि छतच नाही म्हटल्यावर अटही उरत नव्हती. चौकशीसाठी समितीने मलाच नेमले होते.

मिस्त्रीला आत यायची बंदी होती. तो फाटकाबाहेर उभा होता. मी जाताना त्याने नमस्कारही केला नाही.

“बाई,” तो म्हणाला, “ढीग बघितलात? एवढ्या छताचा एवढाच ढीग?”

२

हॉटेलचे मालक अतिशय नम्र होते. ज्या माणसाला काहीही विचारले तरी राग येत नाही, त्याच्याविषयी मला एक जुना आदर आहे. अशी माणसे माझ्या दप्तरांत पानोपानी भेटतात.

“मॅडम, आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालंय,” ते म्हणाले. “त्या छतासाठीच तर पाहुणे येणार होते. आम्ही लोकांना इतिहासात झोपायला देतो.”

“आता दालनाचं काय करणार?”

“बघू. काही तरी करावंच लागेल. सव्वीस फूट उंची आहे, रिकामी ठेवून कसं चालेल?”

“मध्ये मजला घालून?”

“तुम्ही हुशार आहात,” ते हसले. “चौदा खोल्या बसतात, असं आमचे लोक म्हणतात. म्हणजे काल म्हणाले. छत पडल्यावर.”

त्यांच्या मागे भिंतीवर चौदा खोल्यांचा आराखडा लावलेला होता. कोपऱ्यात तारीख होती, ती दोन महिन्यांपूर्वीची. मालकांनी माझी नजर पाहिली, वळून आराखडा पाहिला आणि चहा मागवला.

इमारतीचा भार तपासणारे अभियंते बोलायला नाखूश होते. त्यांचा घसा बसला होता आणि त्यामुळे त्यांना गैरसोय होण्यापेक्षा सोयच अधिक होत होती.

“वाळवी,” ते म्हणाले. “तुळया पोखरलेल्या होत्या.”

“तुळया तर अजून वरच आहेत.”

“काही.”

“सगळ्या. मी मोजल्या. सोळाच्या सोळा.”

त्यांनी गोळी तोंडात टाकली. “मॅडम, मला शुक्रवारी दुपारी सांगितलं की शनिवार-रविवार काम बंद आहे, येऊ नका. मी आलो नाही. सोमवारी म्हणाले, वाळवी लिहा. वाळवी होतीच. काही फळ्यांत तर भुसाच उरला होता. खोटं नाही लिहिलं मी.”

“कोण म्हणालं, येऊ नका?”

“निरोप आला.”

“कोणाचा?”

“अहो, तुम्ही घरी विचारा ना,” ते एकदम म्हणाले आणि लगेच त्यांना खोकला आला. मला वाटले, त्यांना ‘कंपनीत विचारा’ असे म्हणायचे असावे. आपल्याला जे ऐकायचे नसते त्याची अशी सभ्य दुरुस्ती आपण फार चटकन करतो.

३

मिस्त्रीचे घर दोन खोल्यांचे होते आणि त्यात एकही दार करकरत नव्हते. बायकोच्या डोळ्याची शस्त्रक्रिया शनिवारी झाली होती. शनिवार-रविवार दोन्ही दिवस तो रुग्णालयात तिच्या उशाशी होता; तेथील नोंदवहीत त्याच्या चार सह्या होत्या.

“टेकू तुम्ही काढलेत?” मी विचारले.

“काढले.”

“का?”

“सांगितलं म्हणून.”

“कोणी?”

तो उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेला. आतल्या खोलीतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “सांगा की त्यांना. तोंड शिवलंय का तुमचं?”

“तू पड गं. डॉक्टरांनी बोलू नकोस सांगितलंय.”

“डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं, जिभेचं नाही.”

मिस्त्रीने पेला माझ्यासमोर ठेवला. “बाई, मी सुतार माणूस. लाकडाचं विचारा, सांगतो. खिळे बघितलेत?”

“खिळ्यांचं काय?”

“जुने चौकोनी खिळे, हाताने घडवलेले. छत स्वतःच्या वजनाने पडलं तर खिळा एकतर तुळईत राहतो नाहीतर वाकडा होऊन येतो, सोबत लाकडाचा लचका घेऊन. सोमवारी दारातून मला हाकलायच्या आधी मी पायाजवळचे पाच-सात उचलले.” त्याने कोनाड्यातून कागदाची पुडी काढली. खिळे सरळ होते, एखाद्या खोक्यातून नुकते काढावेत तसे.

“मला घाईत खिळा काढायला लावलात तर मीही वाकडाच काढेन,” तो म्हणाला. “सरळ काढायला जीव ओतावा लागतो. चोराला कशाला एवढी पडलीय?”

“तुम्ही लोक छत उतरवताना फळ्यांना क्रमांक कसे घालता?”

“आर्किटेक्ट सांगतील तसे. सगळीकडे एकच रीत. डावीकडून सुरू, ओळ संपली की पुन्हा डावीकडून.”

निघताना मी पुन्हा विचारले, “टेकू काढायला कोणी सांगितलं, मिस्त्री? गुरुवारी तुम्हाला कोणी वाचवणार नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत भीती नव्हती. ती मला सहन झाली नाही, कारण ती कीव होती.

“बाई, ढीग उपसा,” तो म्हणाला. “मग मला विचारायची गरज पडणार नाही.”

४

बुधवारचा सबंध दिवस मी ढीग उपसला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी फरशीवर बसून लाकडाचे तुकडे जुळवणारी बाई पाहून हॉटेलचे कर्मचारी प्रथम हसले आणि मग खुर्ची आणून देऊ लागले.

दुपारपर्यंत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. ढिगातले अर्धे लाकूड छताचे नव्हतेच. सामानाच्या खोक्यांच्या फळ्या करवतीने कापून त्यात मिसळल्या होत्या. रंगवलेले तुकडे जुळवले तेव्हा त्यांतून सदतीस फळ्या सिद्ध होत होत्या, सगळ्या वाळवीने खाल्लेल्या. म्हणजे एकशे सात फळ्या, आणि त्याही चांगल्या तेवढ्याच, पडता पडता नाहीशा झाल्या होत्या. गुरुत्वाकर्षणाची निवड इतकी चोखंदळ असते हे मला ठाऊक नव्हते.

मग मी एक तुकडा उलटा केला.

मागच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने एक आकडा लिहिला होता आणि त्याच्याजवळ उत्तर दिशा दाखवणारा बारीक बाण काढला होता. दुसरा तुकडा, तिसरा, दहावा. आकडा आणि बाण. फळीची पाठ वर तुळयांना आणि माळ्याच्या तळाला जडलेली असते. ती उतरवल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. छत कोसळले नव्हते. ते एकेक करून, हळुवारपणे उतरवले होते.

लुटारूला क्रमांकांची गरज नसते. ज्याने आयुष्यभर जुन्या वस्तू जपल्या, असाच माणूस आधी प्रत्येक तुकड्याला त्याचे स्थान लिहून देतो आणि मग त्यातले चांगले-वाईट निवडतो. वाईट तुकडे फोडून ढिगात टाकताना त्यांच्या पाठीवरचे आकडे पुसून टाकावेत हे त्याला सुचले नाही. नोंद पुसणे त्याच्या हाताच्या सवयीतच नव्हते.

एवढ्यावर मी थांबले असते तर बरे झाले असते. पण तो नकाशा मला पाठ आहे. नदीच्या मुखाची फळी दुसऱ्या ओळीत, उजव्या टोकाला होती. रीतीप्रमाणे मोजले तर ती चोविसावी. तिच्या पाठीवर तेरा लिहिले होते. बेटाच्या तळ्याची फळी चौथ्या ओळीत, डावीकडून तिसरी, म्हणजे एकोणचाळिसावी. तिच्यावर शेहेचाळीस होते.

क्षणभर मला आशा वाटली. फळ्या पाठीकडून पाहणाऱ्याला डावे-उजवे उलटे दिसते. त्याने सगळ्याच ओळी उजवीकडून मोजल्या असतील. मग तिसऱ्या ओळीतला डोंगराचा तुकडा सापडला, डावीकडून तिसरा. उलट मोजला असता तर त्यावर चौतीस असते. त्यावर सत्तावीस होते, सरळ.

एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून.

बाबा अकरा वर्षांपूर्वी गेले. अशी मोजणी करणारी माणसे आता जगात दोनच उरली होती आणि त्यांतले एक फरशीवर हातात डोंगर घेऊन बसले होते.

५

धाकट्याचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीच्या फळीवर निरनिराळ्या चुन्याच्या नमुन्यांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांतल्या पहिल्या तीन मी त्याला विकत घेऊन दिल्या होत्या.

मी तुकडा टेबलावर पालथा ठेवला. त्याने आकडा पाहिला. खोटे बोलायला त्याने एक क्षण घेतला आणि मग तो बेत सोडून दिला. तेवढा मान त्याने मला दिला.

“वाळवी लागली होती, ताई. पाच वर्षांत सगळं गेलं असतं. एकशे सात फळ्या वाचवल्या मी.”

“कुठे आहेत?”

“कोरड्या जागेत. त्यांच्या दुसऱ्या हॉटेलात लावणार आहेत. तिथे हवा नियंत्रित असते, लोक बघतील. इथे कोण बघत होतं? तू आणि मी.”

“आणि तुला काय मिळणार?”

“पुढची सात कामं. सात इमारती, ताई! मी नाही घेतली तर कोणीतरी कसाई घेईल. एक छत देऊन सात वाचतात.”

“आणि मिस्त्री?”

त्याने टेबलावरचा तुकडा सुलटा केला. मग म्हणाला, “दंड होईल. कंपनी भरेल. मी बोललोय.”

“हातातलं काम जाईल त्याचं.”

“अठ्ठावन्न वर्षांचा आहे तो.”

“तू छप्पन्नचा आहेस.”

त्याने बरणी उचलली, पुसली, परत ठेवली. माझ्या मनात एक प्रश्न दुपारपासून रुतून बसला होता. तो विचारताना माझा आवाज शांत होता याचे मला अजून नवल वाटते. “चौकशीसाठी माझं नाव समितीला कोणी सुचवलं?”

“मी.”

“का?”

“दुसरा कोणी ढीग उपसलाच नसता, हे खरंय,” तो म्हणाला. “पण दुसऱ्या कोणाला काही कळलं असतं तर तो बोलला असता. तुला कळलं तरी तू बोलणार नाहीस, असं वाटलं मला. तू मला कधी पकडून दिलं नाहीस, ताई. लहानपणापासून.”

माझ्या विद्वत्तेवर नाही, माझ्या मायेवर त्याने भिस्त ठेवली होती, आणि तीही भार पेलण्याचा हिशेब करून, तुळईवर ठेवावी तशी.

“उद्या बोलेन,” मी म्हणाले.

“काय बोलशील? की ही मोजणी दोघांनाच येते?” त्याचा आवाज मऊ झाला, लहानपणी काही मागताना होई तसा. “नीट विचार कर. त्यातून दोघांपैकी एक, एवढंच सिद्ध होतं. कोणता एक, ते नाही.”

६

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. लांब टेबलाच्या एका बाजूला मालक, त्यांच्या शेजारी धाकटा, मग अभियंते. मिस्त्री दाराजवळच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून.

मी तुकडे मांडले. खिळे मांडले. रुग्णालयाच्या नोंदीची प्रत ठेवली. खोक्यांचे लाकूड वेगळे करून दाखवले. मग नकाशाची जुनी प्रत पसरून क्रमांकांची चाल समजावून सांगितली. आदल्या संध्याकाळचे संभाषण मी सांगितले नाही. त्याला साक्षीदार नव्हता, आणि नुसत्या बोलण्याला मी कधी पुरावा मानलेले नाही. भावाचे बोलणे होते म्हणून त्याला सवलत देण्याचे कारण नव्हते.

“म्हणजे छत उतरवलं गेलं,” अध्यक्ष म्हणाले. “हे अपघाताचं प्रकरणच नाही.”

“नाही. आणि मिस्त्रींना ही मोजणी माहीत नाही. ती माझ्या वडिलांची घरगुती पद्धत होती. ती दोघांनाच येते, मला आणि आर्किटेक्टना.”

“तुम्ही स्वतःचंही नाव घेताय, मॅडम.”

“घ्यावंच लागेल. पुरावा तिथपर्यंतच जातो.”

मालकांनी प्रथमच माझ्याकडे कुतूहलाने पाहिले. अध्यक्ष धाकट्याकडे वळले. “तुमचं काय म्हणणं आहे?”

तो उभा राहिला. त्याचा चेहरा दुःखी होता आणि ते दुःख खोटे नव्हते, हे मला आजही मान्य आहे.

“ताईचा या इमारतीवर किती जीव आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे,” तो म्हणाला. “त्या छतावर तिने पुस्तक लिहिलंय. त्याखाली हॉटेल व्हावं, हे तिला मनातून कधीच पटलं नव्हतं. मला वाटतं... मला बोलवत नाही, साहेब. पण मला वाटतं तिने ते वाचवायचा प्रयत्न केला असावा. तिच्या पद्धतीने. आम्ही तिला समजून घेतलं पाहिजे.”

त्याने चार-दोन वाक्यांत मला हेतू दिला होता, माझेच पुस्तक साक्षीला उभे केले होते आणि वर क्षमाही केली होती. दाराजवळ मिस्त्री एकदम उठला.

“खोटं आहे हे. टेकू काढा म्हणून मला या साहेबांनी सांगितलं. बाईंच्या तोंडावर त्यांच्या भावाचं नाव काढायचं नव्हतं, म्हणून गप्प बसलो होतो.”

“आरोपीच्या बोलण्याला किती किंमत द्यायची...” मालक हळूच म्हणाले.

“बसा, मिस्त्री,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “एकशे सात फळ्या खिशात मावत नाहीत. त्या कुठे तरी ठेवलेल्या आहेत. दोघांच्याही घरांची, कार्यालयांची आणि गोदामांची आजच, आत्ताच तपासणी होऊ शकते. सचिव सोबत जातील. कोणाची हरकत?”

माझ्याकडे घराची एक किल्ली होती आणि विद्यापीठातल्या खोलीची एक. मी दोन्ही टेबलावर ठेवल्या.

धाकट्याने हात खिशात घातला. किल्ल्यांचा आवाज आला. हात बाहेर आला नाही.

“आपल्या किल्ल्या?” अध्यक्षांनी विचारले.

घड्याळाप्रमाणे अर्धे मिनिटही गेले नसेल. लहानपणी काही फोडले की तो माझ्याकडे बघे आणि मी काहीतरी सांगून त्याला सोडवी. त्या अर्ध्या मिनिटात मी त्याच्या नजरेची वाट पाहिली, आणि ती आली असती तर मी काय केले असते हे मला माहीत नाही. ती आली नाही. तो मालकांकडे बघत होता.

“सचिव,” अध्यक्ष म्हणाले, “आधी मिस्त्रींचं नाव तक्रारीतून काढण्याची शिफारस लिहून घ्या. मग गाडी मागवा.”

मालकांनी आपली फाईल मिटली आणि खुर्ची वीतभर सरकवली, धाकट्यापासून दूर. त्यांच्या आणि अभियंत्यांच्या खुर्च्यांच्या मध्ये धाकटा उभाच होता, एक हात खिशात घालून.